वेझले: उन्हाच्या वेळा सांभाळून पाहायचं मध्ययुगीन गाव आणि त्याचा बेनेडिक्टाइन मठ

सकाळच्या गाडीने पॅरिसहून निघायचं, दोन तासांत चर्च पाहायचं आणि रात्रीच्या जेवणाला परत यायचं, असा वेझलेचा बेत बहुतेक जण आखतात. असा बेत आखू नका, हे माझं पहिलं सांगणं. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात एका टेकडीवर वसलेलं हे चार-साडेचारशे वस्तीचं गाव दोन तासांत पायाखालून घालता येतं. पण तिथल्या मठाचं चर्च ज्यांनी बांधलं त्यांनी दगडाइतकाच उन्हाचाही विचार केला होता. सकाळी ऊन वेदीच्या बाजूने येतं, दुपारी मधल्या लांबलचक दालनात उतरतं आणि संध्याकाळी दर्शनी भिंत उजळते. या तिन्ही वेळा गाठायच्या तर एक रात्र मुक्काम हवा. पुढचं सगळं मार्गदर्शन तो मुक्काम गृहीत धरून लिहिलं आहे.

निघण्याआधी एवढा इतिहास हवाच

इथे माहिती न घेता गेलात तर एक सुंदर जुनं चर्च पाहून परत याल. थोडी माहिती असली तर दगड बोलू लागतात.

या बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमांनी चालणाऱ्या, मठाची स्थापना नवव्या शतकाच्या मध्यावर झाली, तीही टेकडीवर नव्हे, तर खाली कूर नदीच्या खोऱ्यात, आज जिथे सँ-पेर हे गाव आहे तिथे. नॉर्मन टोळ्यांच्या धाडी पडू लागल्या तेव्हा भिक्षू वर टेकडीवर आले. अकराव्या शतकात मठाने जाहीर केलं की मारी माग्दालेनचे, म्हणजे येशूच्या शिष्या मेरी मॅग्डालीनचे अवशेष आपल्याकडे आहेत. पोपची मान्यता मिळाली आणि यात्रेकरूंची रीघ लागली. स्पेनमधल्या सांतियागो द कोम्पोस्तेलाला पायी जाणाऱ्यांच्या फ्रान्समधल्या चार मुख्य वाटांपैकी एक इथून सुटते. आळंदीहून पालखी निघते तेव्हा त्या गावाचं जे होतं, ते या टेकडीचं वर्षातून अनेकदा होत असे: राहायला जागा नाही, रस्त्यावर पाय ठेवायला वाव नाही आणि व्यापाऱ्यांची चांदी.

या वैभवाची किंमत गावकऱ्यांनी कराच्या रूपाने मोजली. बांधकामासाठी लादलेल्या करांविरुद्धच्या उठावात ११०६ मध्ये मठाधिपती आर्तो यांचा खून झाला. ११२० च्या जुलैमध्ये, माग्दालेनच्या सणाच्या आदल्या रात्री, चर्चला आग लागली आणि आत असलेले हजाराहून अधिक यात्रेकरू मेल्याचं जुन्या इतिवृत्तांत नोंदलं आहे. आज आपण पाहतो ते मधलं दालन त्या आगीनंतर सुमारे वीस वर्षांत उभं राहिलं. ११५२ मध्ये गावकऱ्यांनी मठाचं जू झुगारून स्वतःची नगरसभा जाहीर केली. राजाने ती मोडून काढली. गाव आणि मठ यांचं नातं असं कायम ताणलेलं होतं. चढावरून वर जाताना व्यापाऱ्यांची घरं खाली आणि चर्च माथ्यावर दिसतं, तेव्हा हे आठवा.

३१ मार्च ११४६ ला, ईस्टरच्या दिवशी, बर्नार द क्लेर्वो या भिक्षूने राजा सातवा लुई याच्यासमोर इथे दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रुसेडची) हाक दिली. ११९० मध्ये फ्रान्सचा फिलिप ऑग्युस्त आणि इंग्लंडचा रिचर्ड इथेच एकत्र येऊन तिसऱ्या धर्मयुद्धाला निघाले. पुढे १२७९ मध्ये प्रोव्हान्समधल्या सँ-माक्सिमँ इथे माग्दालेनचे ‘खरे’ अवशेष सापडल्याचं जाहीर झालं, पोपने ते मान्य केलं आणि वेझलेची रया गेली. १५६९ मध्ये प्रोटेस्टंट सैन्याने मठ लुटला. क्रांतीनंतर मठाच्या राहत्या इमारती बहुतेक नाहीशा झाल्या.

१८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे इथे आले तेव्हा चर्च पडायला आलं होतं. त्यांच्या आग्रहामुळे १८४० मध्ये दुरुस्तीचं काम व्हियोले-ल-द्युक या तरुण वास्तुकाराकडे सोपवलं गेलं. तो त्या वेळी अवघा २६ वर्षांचा होता. काम १८५९ पर्यंत चाललं. बाहेरच्या दर्शनी दारावरचं शिल्प त्याच्या काळातलं आहे. बाराव्या शतकातलं खरं वैभव आत आहे. १९७९ मध्ये चर्च आणि टेकडी दोन्ही जागतिक वारसा यादीत गेली.

कधी जायचं

एप्रिल ते ऑक्टोबर हा सोयीचा काळ. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत धुकं, थंडी, अनेक हॉटेलं आणि छोटी संग्रहालयं बंद. पण मुख्य प्रश्न ऋतूचा नसून उन्हाचा आहे, आणि त्यासाठी दोन दिवस ध्यानात ठेवा: २१ जून आणि २१ डिसेंबर.

आपल्याकडे मे ते जुलैच्या दरम्यान सूर्य दोनदा अगदी डोक्यावर येतो आणि शून्य सावली दिवस येतो. वेझलेत असं कधीच होत नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ६६ अंशांवर असतो, डिसेंबरात जेमतेम १९ अंशांवर. हा फरक बांधणाऱ्यांनी नेमका वापरला. जूनच्या संक्रमणाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवसाच्या, सुमारास मध्यान्हीला दक्षिणेकडच्या वरच्या खिडक्यांतून आलेले उन्हाचे तुकडे मधल्या दालनाच्या फरशीवर, अगदी मध्यरेषेवर, एका ओळीत पडतात: दारापासून वेदीपर्यंत उजेडाची पायवाट. डिसेंबरात तेच ऊन आडवं येऊन उत्तरेकडच्या खांबांच्या वरच्या भागाला लागतं. शतकानुशतकं ही गोष्ट कोणाच्या लक्षात नव्हती, किंवा निदान लिहून ठेवलेली नव्हती. १९७६ मध्ये यूग दलोत्र या फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथातल्या) भिक्षूने ती पाहिली आणि जगाला सांगितली.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, ही चूक फार जण करतात. उन्हाळ्यात फ्रान्सचं घड्याळ पुढे असतं, त्यामुळे वेझलेत सूर्य दिवसातला सर्वांत उंच येतो तो दुपारी पावणेदोनच्या सुमारास. हिवाळ्यात तीच वेळ पाऊण वाजता येते. जूनमध्ये जाणार असाल तर सव्वा वाजताच आत जाऊन बसा. ठिपके आधी बाजूला असतात, हळूहळू सरकत मध्यरेषेवर येतात. ते सरकणं पाहण्यातच खरी मजा आहे.

२१ जूनचाच हट्ट धरू नका. त्या दिवसांत चर्च माणसांनी भरतं आणि फरशीवर उन्हाऐवजी पाय दिसतात. संक्रमणाच्या आगेमागे सूर्याची मध्यान्हीची उंची दिवसेंदिवस जवळपास तीच राहते, त्यामुळे १५ ते २८ जूनमधला कोणताही निरभ्र दिवस चालेल. मंगळवार-बुधवार निवडा. ढगाळ दिवस निघाला तर इलाज नाही, आणि मुक्काम करायचं हेही एक कारण आहे: दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी मिळते. २२ जुलै हा माग्दालेनचा सण. यात्रेचं वातावरण अनुभवायचं असेल तर तो दिवस चांगला, शांतपणे शिल्पं पाहायला नव्हे.

पोचायचं कसं

भारतातून जाणाऱ्यांना फ्रान्सचा शेंगेन व्हिसा लागतो, हे वेगळं सांगायला नको. पॅरिसमध्ये गाडी सुटते ती बेर्सी स्टेशनातून. हे गार द ल्यों या मोठ्या स्टेशनाच्या जवळ, पण वेगळं स्टेशन आहे. तिकिटावरचं नाव नीट वाचा. आव्हालोंच्या दिशेने जाणारी प्रादेशिक गाडी घ्यायची आणि सेर्मिझेल-वेझले या छोट्या स्टेशनावर उतरायचं. प्रवास अडीच ते तीन तासांचा. थेट गाड्या दिवसात मोजक्याच. बाकीच्यांना वाटेत गाडी बदलावी लागते.

सेर्मिझेलला उतरल्यावर बाहेर रिक्षा-टॅक्सीचा तळ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथून वेझले सुमारे १० किलोमीटर आहे. टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. राहण्याच्या ठिकाणी सांगितलं तर ते नंबर देतात, बहुधा स्वतः फोनही करून देतात. रविवारी आणि सुटीच्या दिवशी हे आणखी कडकपणे पाळा. पाठीवर हलकं सामान असेल आणि हवा चांगली असेल तर आस्कँ गावावरून चालत जाणंही शक्य आहे. दुरून टेकडी आणि तिच्या पाठीवर लांबट चर्च दिसतं, शतकानुशतकं यात्रेकरूंना दिसत आलं आहे तसंच.

स्वतःची गाडी असेल तर पॅरिसहून ए६ महामार्गाने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. गाडी गावाच्या पायथ्याशी ठेवा. वर रस्ता अरुंद आहे, जागा नाही, आणि तसंही हे गाव खालून वर चालतच जायला हवं.

मुक्काम

गावात छोटी हॉटेलं, घरगुती खोल्या आणि पायी यात्रेकरूंसाठी साध्या धर्मशाळा आहेत. धर्मशाळेत पहिला हक्क सांतियागोला चालत निघालेल्यांचा असतो, त्यांच्याकडे शिक्क्यांचं यात्रापत्रक असतं. आपण पर्यटक म्हणून जात असू तर तसं स्पष्ट सांगून जागा विचारावी. उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी खोली दोन-तीन महिने आधी धरलेली बरी. गावात जागा नसेल तर खाली सँ-पेरमध्ये पाहा, तिथून वर यायला दोन किलोमीटरचा चढ आहे. आव्हालोंला राहू नका असं मी म्हणेन. शहर चांगलं आहे, पण मग संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही हातातून जातात, आणि त्याच तर हव्या आहेत.

गाव चढताना

पायथ्याच्या चौकातून एकच मुख्य रस्ता वर जातो. फाटे फुटतात, पण तुम्ही चढत राहिलात की चर्चसमोरच पोचता. निवांत चाललं तर पंधरा-वीस मिनिटं. पायाखाली दगडी फरसबंदी आहे, पावसात निसरडी होते. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर राहण्याच्या ठिकाणी आधी विचारा की वाहन कुठपर्यंत आणता येतं.

या रस्त्यावर नजर घरांच्या खालच्या भागावर ठेवा. अनेक घरांखाली कमानदार दगडी तळघरं आहेत. मध्ययुगात तिथे यात्रेकरू उतरत. रस्त्यावर जागोजागी शिंपल्याची खूण दिसेल. ती सांतियागोच्या वाटेची.

वाटेतच एक घर आपल्यासाठी खास आहे. रोमँ रोलाँ, ज्यांनी १९२० च्या दशकात गांधीजींची ओळख युरोपला करून दिली आणि रामकृष्ण-विवेकानंदांवर फ्रेंचमध्ये लिहिलं, ते १९३८ मध्ये या गावात राहायला आले आणि ३० डिसेंबर १९४४ ला इथेच वारले. गांधीजींची आणि त्यांची भेट इथे झाली नव्हती, ती १९३१ मध्ये स्वित्झर्लंडला झाली. रोलाँ यांच्या घरात आता झेर्व्होस संग्रहालय आहे: कलासमीक्षक क्रिस्तियाँ झेर्व्होस यांनी गावाला दिलेला विसाव्या शतकातल्या चित्रकारांचा संग्रह, त्यात पिकासो, मिरो, कँडिन्स्की. हिवाळ्यात ते बंद असतं. पण ते दुपारसाठी राखून ठेवा. मठाआधी चित्रं पाहून डोळे दमवू नका.

द्वारमंडपात थांबा

चर्चला प्रवेश विनामूल्य आहे. बूट काढायचे नसतात. पुरुषांनी टोपी काढावी, आवाज खाली ठेवावा, फ्लॅश वापरू नये. प्रार्थना चालू असेल तर फिरू नका, मागे बसून ऐका. त्या लांब दगडी दालनात गायलेली प्रार्थना ऐकणं हाही ही जागा समजून घेण्याचा भाग आहे. प्रार्थनांच्या वेळा दारावर लावलेल्या असतात, आल्याबरोबर त्यांचा फोटो काढून ठेवा आणि मग दिवस आखा.

आणखी एक वस्तू न्यायलाच हवी: छोटी दुर्बीण. पक्षी पाहायची असते ती. शिल्पं उंचावर आहेत आणि मोबाइलच्या झूमने ती धूसर दिसतात.

आत शिरल्यावर तुम्ही थेट चर्चमध्ये पोचत नाही. आधी नार्थेक्स लागतो, म्हणजे मुख्य दालनाआधीचा बंदिस्त द्वारमंडप. बहुतेक माणसं इथून झपझप पुढे जातात. तुम्ही मात्र अर्धा तास द्या. यात्रेकरू इथे थांबत, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं तेच तुमच्याही समोर आहे: आतल्या मधल्या दारावरचा अर्धवर्तुळाकार शिल्पपट, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला.

मध्यभागी भव्य येशू, दोन्ही हात पसरलेले. बोटांतून निघालेले किरण दोन्ही बाजूंच्या शिष्यांच्या मस्तकांपर्यंत जातात. दुर्बिणीने त्याच्या कमरेजवळची आणि गुडघ्यावरची वस्त्राची घडी पाहा: भोवऱ्यासारखी गोल गोल फिरवलेली, जणू आत वारं शिरलं आहे. अंग समोर आहे आणि गुडघे एका बाजूला वळलेले. विषय असा की शिष्यांना जगाच्या टोकांपर्यंत जाऊन उपदेश करायला पाठवलं जात आहे. म्हणून सभोवती आणि खालच्या पट्टीवर जगातल्या नाना लोकांची मिरवणूक.

आता खालच्या पट्टीच्या उजव्या टोकाकडे या. तिथे बुटक्या माणसांचा समूह आहे आणि त्यातला एक जण घोड्यावर बसण्यासाठी चक्क शिडी लावतो आहे. त्याच्याही पलीकडे, अगदी टोकाला, एक कुटुंब आहे: पुरुष, बाई, मूल, आणि कान एवढे प्रचंड की अंगाभोवती शिंपल्यागत उघडलेले. वरच्या चौकटींमध्ये कुत्र्याच्या तोंडाची माणसं सापडतील.

ही माणसं आपल्या ओळखीची आहेत. इसवीसनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणी दरबारातला ग्रीक वैद्य क्तेसियास याने भारताचं वर्णन लिहिलं, त्यात कुत्र्याच्या तोंडाची माणसं भारताच्या डोंगरांत राहतात असं सांगितलं. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात आलेल्या मेगॅस्थिनीसने कानांत गुरफटून झोपणाऱ्या लोकांची हकिकत ऐकून लिहून ठेवली. आणि आपल्या महाभारताच्या सभापर्वात, सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात, ‘कर्णप्रावरण’ नावाचे लोक येतात: कानच ज्यांचं पांघरूण. ग्रीकांनी भारताबद्दल ऐकलेल्या गोष्टी रोमन लेखकांकडे गेल्या, तिथून मठांच्या ग्रंथालयांत, आणि तिथून बर्गंडीच्या एका दारावर. माझ्या दृष्टीने एकट्या या एका हातभर दगडासाठी वेझलेला जावं. बहुतेक मार्गदर्शक त्याच्याकडे गंमत म्हणून बोट दाखवतात, पण मराठी वाचकाला त्याच्यात स्वतःच्या भूमीबद्दलची दोन हजार वर्षांची कहाणी दिसू शकते.

शिल्पपटाबाहेरच्या कमानीवर गोल चौकटी आहेत. त्यांत बारा राशी आणि बारा महिन्यांची शेतकामं कोरली आहेत. वृश्चिक, मीन, धनू या राशी आपण कोणाच्याही मदतीशिवाय ओळखू शकतो.

मधलं दालन आणि स्तंभशीर्षं

दारातून आत आलात की एकदम पुढे चालू नका. डोळे सरळ वेदीपर्यंत जाऊ द्या. नार्थेक्स अंधारा, मधलं दालन उजळ, आणि टोकाची वेदीची बाजू त्याहून पांढरी: ही चढती उजेडाची रचना जाणूनबुजून केलेली आहे. अर्थात दालन आणि वेदीचा भाग एका काळातले नाहीत. दालन रोमनेस्क शैलीतलं, गोल कमानींचं. वेदीचा भाग सुमारे पन्नास वर्षांनंतरचा, टोकदार कमानींचा गॉथिक. दालनाच्या कमानी एकाआड एक फिक्या आणि तपकिरी दगडांच्या आहेत. दालन ६० मीटरहून लांब आहे, पण बोजड वाटत नाही, याचं बरंचसं श्रेय या रंगांच्या लयीला.

खांबांच्या माथ्यांवर, स्तंभशीर्षांवर, जवळपास शंभर शिल्पं आहेत. सगळी पाहायचा प्रयत्न करू नका, अर्ध्यावर मन भरून जातं. आधी एका बाजूने सावकाश चाला, जे खुणावेल तिथे थांबा. वेरूळला शिल्पपट वाचायची सवय असलेल्या डोळ्यांना इथे फार मदत लागत नाही, फक्त कथा बायबलच्या आहेत. तरी काही हेरून पाहाच.

पहिलं, उजव्या हाताच्या म्हणजे दक्षिणेच्या बाजूचं ‘गूढ गिरणी’ या नावाने ओळखलं जाणारं. एक माणूस वरून गिरणीत धान्य ओततो आहे, दुसरा खाली वाकून पीठ पोत्यात भरून घेतो आहे. ओतणारा मोझेस, पीठ घेणारा सेंट पॉल: बायबलच्या जुन्या कराराचं धान्य दळून नव्या कराराचं पीठ. धर्मशास्त्रातला अवघड मुद्दा, पण शिल्पकाराने तो पोत्यासह दाखवला. पीठ घेणाऱ्याची पाठ कशी वाकली आहे आणि पोत्याचं तोंड त्याने दोन्ही हातांनी कसं धरलं आहे ते दुर्बिणीतून पाहा. या माणसाने गिरणीवर उभं राहून काम पाहिलेलं होतं.

दुसरं, यहूदाचं. एका बाजूला येशूचा विश्वासघात केलेला यहूदा फासावर लटकतो आहे, जीभ बाहेर. दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचं प्रेत खांद्यावर टाकून नेतो आहे, मेंढपाळ हरवलेलं मेंढरू नेतो तसं. तो माणूस येशूच, असा अर्थ अनेकांनी लावला आहे. पोप फ्रान्सिस यांनी या शिल्पाचा उल्लेख पुन्हा पुन्हा केला होता. जवळपास नऊशे वर्षांपूर्वीच्या मठात, जिथे नरकाची भीती हेच मोठं शस्त्र होतं, तिथे कोणी हे कोरलं याने मी खरोखर हलून गेलो.

तिसरं, सोन्याच्या वासराचं: वासराच्या तोंडातून सैतान बाहेर पडतो आहे. शिवाय गॅनिमिडीला उचलून नेणारा गरुड शोधा. ती ग्रीक पुराणातली कथा आहे, बायबलशी तिचा संबंध नाही.

यानंतर वेदीजवळून तळघरात उतरा. पायऱ्या थोड्या, छत ठेंगणं. माग्दालेनचे अवशेष म्हणून जे पूजलं जातं ते इथे आहे. इथे लोक प्रार्थनेला येतात, म्हणून फोटो बाहेर गेल्यावरच काढा.

शेवटी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही: ‘मठ’ म्हणून राहत्या खोल्या, भोजनगृह, चारी बाजूंनी ओवऱ्यांचा चौक असं काही शोधू नका. चर्चशिवाय उरली आहे ती बाराव्या शतकातली भिक्षूंची सभाखोली आणि व्हियोले-ल-द्युकने पुन्हा उभारलेली चौकाची एक बाजू. चर्चच्या मागच्या मोकळ्या अंगणावर कधीकाळी मठ पसरलेला होता. तिथून कूरचं खोरं आणि मोरव्हाँचे जंगली डोंगर दिसतात. संध्याकाळचं जेवण लवकर आटपून तिथे जा. तोवर दिवसाच्या बसेस परतलेल्या असतात.

खाणंपिणं

फ्रान्समध्ये दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद. जूनमध्ये उन्हाची वेळ नेमकी या वेळेवर येते, तेव्हा आधी बाराला जेवा किंवा सकाळीच बेकरीतून पाव आणि चीज घेऊन ठेवा. दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणा. त्याशिवाय बोलायला सुरुवात केली तर तो उद्धटपणा समजला जातो.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण विचारून घ्या. चीज घालून भाजलेले फुगीर गूझेर सहज मिळतात, त्यांत अंडं असतं. गरम शेळीच्या चीजचं सॅलड चांगलं लागतं, मात्र सॅलडमध्ये ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, न सांगता येऊ शकतात. ‘सां लार्दों’ एवढं म्हणायला शिका. रेड वाइनमध्ये शिजवलेली अंडी ही बर्गंडीची खासियत शाकाहारी वाटते, पण तिच्याही रश्श्यात बहुधा तेच मांस असतं. पाण्यासाठी ‘कराफ दो’ मागा, नळाचं पिण्याचं पाणी फुकट मिळतं. वाइन घेणाऱ्यांनी टेकडीच्या उतारावरच्या द्राक्षांची पांढरी घ्यावी; २०१७ पासून वेझले हे नाव तिला स्वतंत्रपणे मिळालं आहे.

दुसरा दिवस

सकाळी उठल्याबरोबर पुन्हा चर्च. वेदीची बाजू पूर्वेला आहे, सकाळचं ऊन त्या पांढऱ्या दगडात शिरतं तेव्हा आत बहुधा मोजकीच माणसं असतात.

मग तटबंदीच्या कडेने फिरत सँत-क्र्वा दरवाजातून उत्तरेच्या उतारावर उतरा. १०-१५ मिनिटांत ला कोर्देल हे छोटं चॅपेल लागतं. बर्नारचं ११४६ चं भाषण याच उतारावर झालं, कारण एवढी माणसं चर्चमध्ये मावणारच नव्हती. १२१७ मध्ये फ्रान्सिस्कन भिक्षू इथे येऊन राहिले. वर मठाचा डामडौल, इथे चार भिंती. परतीचा चढ आहे, पाणी बरोबर ठेवा.

वेळ असेल तर खाली सँ-पेरला जा, तिथलं नोत्र-दाम चर्च गॉथिक कोरीवकामाचा सुंदर नमुना आहे. पुढे फोंतेन-साले इथे खारट पाण्याचे झरे आहेत. झाडाचे बुंधे पोखरून केलेल्या, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या विहिरी आणि रोमन काळातल्या स्नानगृहांचे अवशेष तिथे सापडले. हे स्थळ ऋतूनुसार उघडं असतं.

गाडी हाताशी असेल तर माझा आग्रह आहे की परत सेर्मिझेलला न जाता मोंबारकडे वळा. तिथून ६ किलोमीटरवर फोंतनेचा मठ आहे, १११८ मध्ये त्याच बर्नारने स्थापलेला. ११२५ च्या सुमारास त्याने मठांतल्या राक्षसी, चित्रविचित्र शिल्पांवर कडक टीका लिहिली: वाचायच्या ऐवजी भिक्षू दिवसभर दगडांकडेच पाहत राहतील, असा त्याचा रोख होता. त्याच्या स्वतःच्या फोंतनेत एकही कुत्रामुखी माणूस नाही, कोरी भिंत आणि ऊन. शिवाय वेझलेत जे उरलं नाही ते सगळं तिथे उभं आहे: ओवऱ्यांचा चौक, भिक्षूंची झोपायची जागा, लोहारशाळा. तिकीट लागतं. क्रम मात्र हाच ठेवा, आधी वेझले आणि मग फोंतने, म्हणजे बर्नारचं म्हणणं पटतं की नाही हे स्वतः ठरवता येईल. मोंबारहून पॅरिसच्या गार द ल्योंला टीजीव्ही ही वेगवान गाडी साधारण एक-सव्वा तासात पोचते.